शिंगाळ्याची चाल

सोनूबाई बाजारातून आली की आधी मोरीत पाय धुवायची, मग पदराला हात पुसत आतल्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "चालव ग त्याला." चहा नंतर, भाकरी नंतर, दिवसभर कोणाकोणाशी भांडण झालं ते सांगणं त्याच्याही नंतर. धाकट्या डहाणूत सुके बोंबील विकणाऱ्या बायकांमध्ये तिच्याइतकी तोंडाळ बाई शोधून सापडली नसती. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की ती त्याच्या आजोबांपर्यंत जाऊन यायची. पण हे एवढं वाक्य बोलताना तिचा आवाज असा खाली यायचा, की तिची लेक भाविनी हातातलं काम टाकून कॉम्प्युटरपुढे बसायची.

मग पडद्यावर एका गेममधलं धुकं यायचं, धुक्यातून एक जेट्टी दिसायची, आणि जेट्टीवर शिंगाळ्या पहारा देत असायचा. अंग माणसाचं, डोकं शिंगाळा माशाचं, छातीपर्यंत लोंबणाऱ्या मिशा, हातात भाला. दिव्यापासून होडीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, एवढंच त्याचं काम. खेळणारा जवळ गेला तर तो गुहेतल्या खजिन्याबद्दल काहीतरी कोडं घालायचा, पण सोनूबाईला खजिन्याशी काय करायचं होतं? ती त्याचे पाय बघत बसायची. उजवा पाय भक्कम पडायचा. मग जरासं थांबणं. मग डावा खांदा वर, आणि दाराच्या कडीत अडकलेला पदर सोडवून घ्यावा तसा डावा पाय बाहेरून वळून पुढे यायचा.

तोंड माशाचं होतं, पण चाल जतीनची होती. जतीन म्हणजे सोनूबाईचा मुलगा, भाविनीचा थोरला भाऊ. तो जाऊन दोन वर्षं होत आली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. जतीनची तर मेल्यावरही गेली नव्हती, आणि त्या घरातल्या दोघी बायका त्याच खोडीवर दिवस काढत होत्या.

आता हे झालं कसं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

जतीन लहान असताना जेट्टीवरून खाली पडला आणि त्याचा डावा पाय मोडला. हाडवैद्याने बसवला तो वाकडा बसला. त्याचा बाप नारू बोटीवर जायचा. पुढे गावातली जतीनच्या वयाची पोरंही जायला लागली, पण हलत्या बोटीवर तसला पाय काय कामाचा? जतीन आयटीआयत गेला. तिथे बाकावर शेजारी तलासरीकडच्या एका पाड्यावरचा मनिष येऊन बसला. एक खाऱ्या पाण्याचा, एक रानातला. दोघांचं जमलं ते एका जुन्या इंग्रजी गेमवरून.

ग्रेमार्श त्या गेमचं नाव. तलवारी, जादूगार, गुहा, राक्षस, सगळं त्यात होतं. जगाने तो केव्हाच टाकून दिलेला, पण जतीनने वापीहून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर तेवढाच धड चालायचा. आणि त्या गेमची एक मोठी गंमत होती. त्यात तुम्ही स्वतः बनवलेले प्राणी घालू शकायचात. मॉड म्हणतात त्याला. साहेबाच्या देशातले ड्रॅगन बघून कंटाळलेल्या जतीनने ठरवलं, आपले राक्षस आपणच बनवायचे. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असे पहिले काही महिने गेले. मग त्याच्या हाताला वळण लागलं. पाकट माशाच्या पंखांची चेटकीण झाली, खेकड्याच्या हातांचा लोहार झाला, शिंगाळ्या झाला. तिकडे मनिष रानाच्या मागे लागला. दोन पायांवर चालणारी अस्वलं, ताडाएवढ्या उंच हडळी, दोन तोंडांचा बैल. एकाचा मॉड दर्याचा, दुसऱ्याचा रानाचा, आणि दोन्ही एकत्र करून एकच जग उभं करायचं, हे त्यांचं स्वप्न. एकत्र झाल्याशिवाय कोणाला दाखवायचं नाही, अशी दोघांनी एकमेकांना शपथ घातलेली. हौसेला मोल नसतं, आणि त्या दोघांच्या हौसेला तर वेळकाळही नव्हता.

या गेममधल्या प्रत्येक प्राण्याचे दोन भाग असतात. वरचं कातडं आणि आतला सांगाडा. चालणं, वळणं, मारणं, मरणं सगळं सांगाड्यात. दोन पायांच्या सगळ्या प्राण्यांना मिळून सांगाडा मात्र एकच, मग तो राजा असो की चोर. मूळ सांगाड्याला माशाच्या डोक्याचं ओझं पेलेना, मान छातीत घुसायला लागली, म्हणून जतीनने नवा सांगाडा बनवायला घेतला. चालणं कसं असतं ते बघायला तो खुर्चीवरून उठायचा, दोन पावलं टाकायचा, परत बसून हाडं तशी हलवायचा. पुन्हा उठायचा, पुन्हा दोन पावलं. असं कितीतरी दिवस चाललं.

झालं तेव्हा त्याने भाविनीला हाक मारली. तिने बघितलं आणि तिला हसू आवरेना. लोहार लंगडतोय, चेटकीण लंगडतेय, गादीवरचा राजा उठून लंगडत दरबारात येतोय.

"दादा, सगळेच लंगडतात रे!"

जतीनने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "लंगडतात? मला वाटला बरोबर झालाय." जन्मभर जो माणूस आपल्याच पायांनी चालला, त्याला चालणं म्हणजे तेच वाटणार, हे भाविनीच्या तेव्हा लक्षात आलं आणि तिला हसल्याची लाज वाटली. पण जतीनच मग खो खो हसायला लागला. "राहू दे," तो म्हणाला. "माझ्या राज्यात असाच चालायचा. सरळ चालणाऱ्याला आत घेणार नाय."

मनिषने त्याच सांगाड्यावरून आपल्या प्राण्यांसाठी दुसरा केला, सरळ चालणारा. नाव मात्र दोघांच्या फायलींचं एकच, कारण गेम त्याच नावाने सांगाड्याला हाक मारतो. एकदा दोघांनी गंमत म्हणून दोन्ही मॉड एका जागी टाकून पाहिले. एका नावाच्या दोन फायली दिसल्या की गेम एकीला धरतो, दुसरीला विसरतो. मनिषची अस्वलं लंगडायला लागली, आणि दोघे हसून हसून जमिनीवर लोळले. उपाय होता. एकाचं नाव बदलायचं, आणि मग प्रत्येक प्राण्याला, बाबा रे, तुझा सांगाडा हा, तुझा तो, असं एकेक करून सांगत बसायचं. कंटाळवाणं काम होतं, म्हणून पुढे पुढे ढकललं गेलं.

दोन हजार सोळाच्या चैत्रात मनिषचा फोन आला, "आज बसून करूनच टाकू." दोघे नेहमी अर्ध्या वाटेवर चारोटीला भेटायचे. कासा गावाच्या बाजूला एका टपरीवर चहा प्यायचे, मग मनिषच्या पाड्यावर जायचे. महालक्ष्मीच्या जत्रेचे दिवस होते, हायवेवर गाड्यांची रीघ लागलेली. मनिष पलीकडे टपरीजवळ उभा होता. जतीन जीपमधून उतरला, त्याने मित्राला पाहून हात वर केला, आणि रस्ता ओलांडायला लागला. दुसऱ्या कोणालाही पुरला असता एवढा मोकळा रस्ता होता. जतीनला पुरला नाही.

घरात पुढे काय झालं ते सांगत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या नाही त्यांना सांगून कळत नाही. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, नारू बोटीवर गेला. भिंतीवर हार घातलेला फोटो आला. सोनूबाई त्या फोटोकडे बघायचीच नाही. "तो असा उभा राहतच नव्हता कधी," म्हणायची.

एका दुपारी भाविनीने उगाच कॉम्प्युटर लावला. दादाने शेवटचं काय केलं होतं ते बघावं, एवढंच मनात. सोनूबाई मागून पाण्याची कळशी घेऊन चालली होती. ती दारात थांबली. कळशी तिने हळूच खाली ठेवली, आत आली, आणि जमिनीवर बसली.

"परत चालव," ती म्हणाली.

त्या दिवसापासून हे सुरू झालं. बुडत्याला काडीचा आधार, तसा त्या बाईला त्या माशाच्या तोंडाच्या पहारेकऱ्याचा आधार झाला. कधी ती त्याच्याशी बोलायची. बोंबील आज कसे होते ते सांगायची. एकदा म्हणाली, "भाला ठेव रे खाली, हात दुखेल." नारू घरी असला की चिडायचा. "गेलेल्याला असा बांधून ठेवू नये," म्हणायचा आणि बाहेर जाऊन जाळं घेऊन बसायचा. पण त्यालाही भाविनीने एकदा दाराआडून बघताना पकडला होता.

भाविनीने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मनिषलाही नाही. लोक आपल्या आईला वेडी म्हणतील, ही तिची भीती. पुढे या एका न सांगण्याचा तिला फार पश्चात्ताप झाला.

मनिष अधूनमधून यायचा. तलासरीत झेरॉक्सचं आणि फोटोचं दुकान होतं, तिथे तो कामाला लागला होता. यायचा, दाराशी चप्पल काढायचा, सोनूबाईसमोर मान खाली घालून बसायचा. येताना कधी रानातली करवंदं, कधी ताडगोळे आणायचा. "मावशी, बरी आहेस ना?" याच्यापुढे त्याची गाडी जायची नाही. गेमचं नाव दोघांपैकी कोणीच काढायचं नाही.

समुद्राकाठी लोखंड टिकत नाही. खारा वारा दाराच्या बिजागऱ्या खातो, सायकली खातो, तो कॉम्प्युटरला सोडतो होय? दोन हजार अठराच्या पावसाळ्यात त्याच्या डब्यातून टकटक आवाज यायला लागला. शिंगाळ्या चालता चालता मध्येच थिजायचा. एक पाय उचललेला, खांदा वर, आणि तसाच उभा. सोनूबाई घाबरून भाविनीचा हात धरायची. मग एक दिवस पडदा काळा झाला तो झालाच.

भाविनीने मनिषला बोलावलं. त्याने डबा उघडला, आतल्या डिस्कला कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "शेवटचे श्वास चाललेत हिचे. एकदा वाचता आली तर आली. मी नेतो."

"दादाचं सगळं काढ त्यातून," भाविनी म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "आणि मनिषदादा, तुमचे दोघांचे मॉड एकत्र करायचे राहिलेत. ते कर ना आता. त्याची इच्छा होती."

मनिषने मान वळवली. "करतो," तो म्हणाला. चादरीत डबा गुंडाळून तो जीपमध्ये बसला.

मग वाट बघणं. पावसाळा सरला, बोटी बाहेर पडल्या, बोंबील वाळायला लागले. सोनूबाई बाजारातून यायची, पाय धुवायची आणि दारात उभी राहायची. टेबलावरच्या धुळीत डब्याच्या जागेचा चौकोन तेवढा दिसायचा. "काय बोलला तो?" "करतोय, आये." "उपाशी ठेवला नाय ना त्याला?" असलं काहीतरी बोलून ती स्वतःच ओशाळायची आणि चुलीकडे जायची. बाजारात तिचा आवाज उतरला. गिऱ्हाइकं भाव पाडून न्यायला लागली आणि ती नेऊ द्यायला लागली. त्या दिवसांत भाविनीला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. दादा एकदा गेला तो गेला, पण आता दुसऱ्यांदा गेला तर आई मागे राहणार नाही.

एकोणीस साल उजाडलं आणि एका सकाळी मनिष डबा घेऊन दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत काहीतरी होतं. पूर्वी दोघं मिळून नवा राक्षस बनवायचे तेव्हा असायचं तसं.

"झाला," तो म्हणाला. "सगळा निघाला. डिस्क त्यानंतर मेली, पण सगळा निघाला. एकत्र झाला, भाविनी. एका पण प्राण्याला धक्का नाय लावला."

सोनूबाई बाजाराला निघाली होती. टोपली डोक्यावरून उतरवून तिने ओट्यावर ठेवली. शेजारीण ओरडली, "ए सोनू, जीप चालली!" "जाऊ दे," सोनूबाई म्हणाली. पाय धुवून ती आत येऊन बसली. मनिषला जरा नवल वाटलं.

पडदा उजळला. आणि खरंच, काय काम केलं होतं पठ्ठ्याने! दर्याचा काठ आणि रानाची कड एकमेकांना येऊन भिडलेली. खेकड्याच्या हातांचा लोहार दोन तोंडांच्या बैलाला नाल ठोकत होता. हडळ आणि पाकटाची चेटकीण एका दगडावर बसून कुजबुजत होत्या. अस्वलं वाळूत मासे पकडत होती. भाविनीच्या डोळ्यांना धार लागली. दादाने हे बघायला हवं होतं, एवढं एकच तिच्या मनात येत राहिलं.

"शिंगाळ्या कुठाय?" सोनूबाईने विचारलं.

"दाखवतो ना मावशी," मनिष म्हणाला. "त्याच्यासाठी तर सगळा केला."

धुकं आलं. जेट्टी आली. दिव्याखालून शिंगाळ्या निघाला. मिशा तशाच, भाला तसाच. उजवा पाय पडला, डावा पडला, उजवा पडला, डावा पडला. ताठ, सरळ, भराभर, दोन्ही खांदे एका रेषेत. होडीपर्यंत गेला, वळला, आणि तसाच झपझप परत आला.

मनिष सोनूबाईच्या तोंडाकडे बघत होता. शाळेतलं पोर चित्र दाखवून बघतं ना, तसा.

सोनूबाई पुढे वाकली. तिने डोळे बारीक केले. शिंगाळ्या परत एकदा गेला आणि आला.

"हा कोण?" ती म्हणाली.

भाविनी उठली आणि मनिषला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. बाहेर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, त्यांच्या मागे नेऊन तिने त्याला उभा केला.

"दादाचा सांगाडा कुठाय?"

"तुला कळला?"

"नाव बदलून दोन्ही ठेवता येत होते. तुलाच तर येत होतं ते. तू तुझा घातलास वर!"

"येत होते," मनिष म्हणाला. "पण जतीनचा ठेवला नाय मी. मुद्दाम."

"मग मूळ फाईल तरी दे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर असेल."

"नाय. पुसून टाकली."

भाविनीने त्याच्या शर्टाची गळपट्टी धरली. "अरे, ती चाल बघायला आये रोज बसते त्या खोलीत! दोन वर्षं बसली! दुसरं काय आहे तिच्याकडे? फोटोकडे बघत नाय ती. एवढं एकच होतं आमच्याकडे त्याचं, आणि तू..."

मनिषचा चेहरा पांढराफटक पडला. "मला नाय सांगितलंस तू," तो म्हणाला. "कोणीच नाय सांगितलं."

तो खाली वाळूवर बसला, आणि मग बोलायला लागला तो बोलतच गेला. तो पलीकडे उभा होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. काय दिसलं होतं, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. जतीन अर्ध्या रस्त्यात आला, ट्रक दिसला, त्याने घाई केली. उजवा पाय टाकला. मग ते थांबणं. मग खांदा वर. "तेवढं थांबला नसता ना भाविनी, तर आला असता माझ्याकडे. डिस्क उघडली आणि तो सांगाडा चालवला, तर माझ्यासमोर परत तेच. थांबला. खांदा वर. मी दर वेळी डोळे मिटून घेतो आणि मला हॉर्न ऐकू येतो. आमची आजी गेली तेव्हा काकड्या नावाच्या आमच्या आजाने तिच्या तुटलेल्या बोटांच्या जागी तांदळाच्या पिठाची बोटं करून लावली होती. बोलला, अर्धं माणूस पाठवायचं नाय, तिथं तिला हात लागतील. जतीनला कोणी पाय दिला? तुम्ही पण नाय दिलात, मी पण नाय. म्हणून दिला मी. एवढंच येतं मला."

भाविनीने त्याची गळपट्टी सोडली. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि त्याच्या गळ्यात पडून रडायचंही होतं, आणि दोन्हीपैकी काहीच जमेना. राग जिरत नव्हता. पण तो धरायचा कोणावर, तेही कळत नव्हतं.

"मी परत करून देतो," मनिष उठला. "फाईल नसली तरी काय झालं? माझ्याइतकी ती चाल कोणाला पाठ असणार? आत्ता करतो."

दोघे आत आले. सोनूबाई तशीच बसलेली. दारातून, खिडकीतून बाहेरचं सगळं तिच्या कानावर गेलं होतं, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. मनिष तिच्याकडे न बघता खुर्चीवर बसला. त्याने सांगाडा उघडला. काळ्या पडद्यावर नुसती हाडं उभी राहिली. डाव्या मांडीचं हाड त्याने धरलं, मागे ओढलं, खांद्याचं वर उचललं. हात कुठेच चुकत नव्हते. "इथं थांबायचा," तो स्वतःशीच पुटपुटला, "इथं थोडंसं..." मग कातडं चढवलं आणि चालवून पाहिलं.

शिंगाळ्याने उजवा पाय टाकला. थांबला. डावा खांदा वर गेला.

भाविनीच्या तोंडून हुंदका फुटला. तोच होता. अजून कच्चा होता, गुडघा नीट वळत नव्हता, पण घरात दादा आला होता. मनिषने डोळे मिटले होते.

आणि सोनूबाईचा हात येऊन मनिषच्या मनगटावर पडला.

"नको."

"मावशी, होईल. गुडघ्याचं राहिलंय तेवढं. संध्याकाळपर्यंत हुबेहूब करून देतो."

"होईल ते दिसतंय मला. म्हणून तर नको बोलते." तिने पडद्याकडे पाहिलं नाही. मनिषकडेच बघत राहिली. "पडला तेव्हा बाजाराचा दिवस होता. मी त्याला हाडवैद्याकडे टाकला आणि टोपली उचलून गेले. बोलले, संध्याकाळी बघू. संध्याकाळपर्यंत पाय वाकडा बसला होता. बाळ माझा, कधी एका शब्दाने बोलला नाय मला. आता बरा झालाय त्याचा पाय. तू बरा केलास. तो परत मोड, असं मी तुला सांगू? कुठली आई सांगेल रे?"

"पण मग तू त्याला बघशील कशी?" भाविनी रडत ओरडली. "आये, तो ओळखू येत नाय तुला!"

"नाय येत," सोनूबाई म्हणाली. "राहू दे. त्याला चालता येतंय ना?"

मनिषने केलेला बदल काढून टाकला. शिंगाळ्या परत दिव्याखालून निघाला, ताठ, झपझप. सोनूबाईने त्याची एक फेरी पूर्ण बघितली. शेजारणीचा मुलगा रस्त्याने जाताना बघावा, तसं तिने बघितलं. मग ती उठली, पदर सारखा केला, आणि मनिषला म्हणाली, "जेवून जा. ओले बोंबील आहेत." मनिष टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला, आणि ती जाताना त्याच्या केसांवरून हात फिरवून गेली.

बाजारातला तिचा आवाज पुढे महिनाभराने परत आला. गिऱ्हाइकांच्या आजोबांचा पुन्हा उद्धार व्हायला लागला. ती घरी यायची, पाय धुवायची, आणि सरळ चुलीकडे जायची. आतल्या खोलीच्या दारात ती पुन्हा उभी राहिली नाही. भाविनी मात्र तिच्या यायच्या वेळेला कॉम्प्युटर लावून ठेवायची, न जाणो आज म्हणाली तर. जेट्टीवर शिंगाळ्या फेऱ्या मारत असायचा. भाविनी त्याच्याकडे बघून जतीनला आठवायचा प्रयत्न करायची, आणि ते दिवसेंदिवस कठीण व्हायला लागलं.

एका दुपारी चुलीजवळून हाक आली.

"भाविनी, चालतोय ना ग तो?"

"चालतोय, आये."

थोडा वेळ नुसता भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"पाय दुखत नाय ना त्याचा?"

भाविनीने पडद्याकडे पाहिलं. होडीपर्यंत जाऊन तो वळला होता आणि तिच्याच दिशेने सरळ चालत येत होता.

"नाय आये," ती म्हणाली, "आता नाय दुखत." आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.